सोलापूर तीन दिवस कुणाचं होतं?

सदर : बाई, विचारू का?

गेल्या अंकात राज्य म्हणजे काय यावर मी जेमतेम अर्धा रकाना लिहिला. लोकसंख्या, भूप्रदेश, शासनसंस्था आणि सार्वभौमत्व हे चार घटक एकतीस वर्षं अकरावीच्या फळ्यावर लिहिलेत, त्यामुळे हात आपोआप चालला. यावर कोण काय विचारणार, असं वाटलं होतं. पण पत्रं आली, मेल आले, एकीनं तर मंगळवार बाजारात मेथीची जुडी हातात धरूनच मला गाठलं. तेव्हा या वेळी दुसरा विषय नाही.

प्रश्न : बाई, मुलगा आठवीत आहे. १९३० साली सोलापूर तीन-चार दिवस स्वतंत्र होतं असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मुलानं तुमचं सदर वाचून विचारलं की मग सोलापूर तेव्हा राज्य होतं का? चारातले तीन घटक तर होते म्हणे. मला काही सांगता आलं नाही. (एक पालक, सात रस्ता)

उत्तर : मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या. हाच प्रश्न मी दरवर्षी १२ जानेवारीनंतरच्या, म्हणजे सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या स्मृतिदिनानंतरच्या, पहिल्या तासाला वर्गात टाकायची आणि दरवर्षी भांडण व्हायचं.

आधी काय घडलं ते पाहू. १९३० च्या मे महिन्यात, ४ तारखेच्या मध्यरात्रीनंतर, गांधीजींना कराडीला अटक झाली. बातमी आली तसे सोलापुरात हरताळ आणि मोर्चे सुरू झाले. ८ तारखेला शिंदीची झाडं तोडायला निघालेले लोक आणि पोलीस यांची गाठ पडली, गोळीबार झाला, माणसं मेली. चिडलेल्या जमावानं चौक्या आणि कोर्ट पेटवलं, दोन पोलीस मारले गेले. मग पोलीस शहरातून काढून घेतले. ९, १० आणि ११ मे या तीन दिवसांत शहरात इंग्रजांचा अंमल म्हणून काही उरला नव्हता. १२ तारखेला मार्शल लॉ पुकारला गेला आणि लष्कर उतरलं. कुणी तीन दिवस म्हणतं, कुणी चार. ८ तारीख धरायची की नाही, एवढाच फरक.

माझी आजी तेव्हा नुकती लग्न होऊन सोलापुरात आली होती. माडीच्या खिडकीतून तिला चौक दिसायचा. ती सांगायची, पोलिसाच्या जागी खादीची टोपी घातलेलं पोरगं उभं होतं. हातात ना काठी, ना शिट्टी. त्यानं हात वर केला की टांगेवाला लगाम ओढायचा. ‘आन् घोडंबी ऐकायचं गं त्याचं,’ असं ती दर वेळी म्हणायची, जणू टांगेवाल्यापेक्षा तिला घोड्याचंच नवल.

आता तुमच्या मुलाचा हिशेब. लोक होते. गिरण्यांचं गाव, माणसांची वाण नव्हती. जमीन होती, पण ती कुठपर्यंत? शहराबाहेरच्या बाळे गावाच्या पुढं कुणाचा हुकूम चालत होता, हे कुणी ठरवलं नव्हतं, ठरवायचा कुणाचा विचारही नव्हता. शासन म्हणावं तर काँग्रेसचे स्वयंसेवक चौकाचौकांत उभे होते आणि लोक त्यांचं ऐकत होते. त्यांनी कर बसवला नाही, कायदा केला नाही, आम्ही वेगळं राज्य झालो असं जाहीर केलं नाही. सोलापूरकरांना सोलापूरचं राज्य नकोच होतं, त्यांना अख्ख्या हिंदुस्थानातून इंग्रज घालवायचे होते. त्यामुळे तीन घटक होते हे मी अडीच म्हणून मान्य करते. चौथ्यापाशी मात्र गाडी अडते.

सार्वभौमत्व म्हणजे ज्याच्या वर अपील नाही अशी शेवटची सत्ता. पोलीस पळाले म्हणजे ती सत्ता पळाली असं नव्हे. वर्गातला एक मुलगा, वडील विडी कारखान्यात हिशेबनीस, एका वर्षी उठून म्हणाला होता, ‘बाई, राज्य पळालं नव्हतं. ते सैन्य आणायला गेलं होतं.’ याहून चांगलं उत्तर मला पुस्तकात सापडलेलं नाही. मॅक्स वेबर नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञानं १९१९ च्या एका व्याख्यानात राज्याची ओळख सांगितली, ती याच अंगानं जाते. ठरावीक भूभागात अधिकृतपणे बळ वापरण्याची मक्तेदारी जी संस्था आपल्याकडे ठेवते आणि ती लोकांकडून मानून घेते, ते राज्य. मार्शल लॉमध्ये गांधी टोपी घालणं गुन्हा झाला. म्हणजे चौकातल्या त्या पोराला ज्या टोपीमुळे घोडंसुद्धा ऐकत होतं, त्याच टोपीसाठी आता शिक्षा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं, तेही रीतसर खटला चालवून, निकालपत्र लिहून, वर अपील फेटाळून. माणूस मारून त्याला ‘अंमलबजावणी’ म्हणता येणं हा अधिकार राज्याखेरीज दुसऱ्या कुणाकडे नसतो.

पण वेबरच्या वाक्यात ‘लोकांकडून मानून घेते’ असाही तुकडा आहे आणि तिथं इंग्रज नापास. सोलापुरात बळ त्यांच्याकडे होतं, लोकांचं मानणं त्या टोपीवाल्या पोराकडे. दोन्ही एका ठिकाणी यायला आणखी सतरा वर्षं लागली. तेव्हा मला विचाराल तर ते तीन दिवस सोलापूर हे राज्य नव्हतं. सोलापुरात राज्यच नव्हतं, असं म्हटलेलं जास्त बरोबर. आणि राज्य नसताना माणसं एकमेकांना फाडून खातील, असं सांगणाऱ्या इंग्रज तत्त्ववेत्त्या हॉब्ज साहेबांना आमचा टांगेवाला दाखवायला हवा होता. अर्थात ८ तारखेचा जाळपोळीचा दिवस त्यांनी मला उलट दाखवला असता, हेही खरं.

वर्गात एवढं बोलून झालं की मागच्या बाकावरून हमखास यायचं, ‘म्हणजे बाई, तुम्ही हुतात्म्यांना कमी लेखता का?’ नाही रे बाबा. त्यांनी जे केलं ते राज्यशास्त्राच्या एका शब्दात बसत नाही, एवढंच म्हणते.

प्रश्न : मॅडम, मी एमपीएससी करते. तुमच्या व्याख्येत सार्वभौमत्व हवंच. मग महाराष्ट्र ‘राज्य’ कसं? एका टेस्टमध्ये मी ‘महाराष्ट्र हे राज्य नाही’ असं लिहिलं आणि मार्क गेले. (एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)

उत्तर : मार्क गेले त्याचं वाईट वाटलं, कारण तू बरोबर होतीस. फक्त अर्धवट बरोबर.

मराठीत एका ‘राज्य’ शब्दावर आपण तीन ओझी टाकली आहेत. पहिलं राज्य भारत, फ्रान्स, भूतान यांच्यासारखं. हे सार्वभौम. इथं ‘राज्यसंस्था’ म्हटलं की गोंधळ होत नाही. दुसरं महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण यांच्यासारखं, त्याला ‘घटकराज्य’ म्हणावं. संविधानाच्या पहिल्याच अनुच्छेदात भारत हा राज्यांचा संघ आहे असं लिहिलंय, ती ही राज्यं. त्यांना विधिमंडळ आहे, पोलीस आहेत, कर आहेत. पण परराष्ट्र व्यवहार आणि संरक्षण केंद्राकडे. कर्नाटकाशी आपला सीमावाद आहे, पण तो लढायचा कुठं, तर सर्वोच्च न्यायालयात, आणि २००४ पासून तो तिथं पडलाय. शिवाय अनुच्छेद ३ प्रमाणे संसद राज्याच्या सीमा बदलू शकते, नवं राज्य काढू शकते. त्या राज्याचं मत विचारलं जातं, पण ते मानलंच पाहिजे असं नाही. आंध्रच्या विधानसभेनं २०१४ च्या जानेवारीत विधेयक फेटाळलं, तरी २ जूनला तेलंगण झालं. ज्याचा नकाशा दुसरा कुणीतरी बदलू शकतो, ते सार्वभौम कसं म्हणायचं?

तिसरं राज्य गमतीचं आहे आणि परीक्षेत हमखास येतं. अनुच्छेद १२ वाच. मूलभूत हक्क ‘राज्या’विरुद्ध मागायचे असतात, आणि तिथल्या राज्यात केंद्र सरकार, संसद, घटकराज्यांची सरकारं, विधिमंडळं आणि ‘स्थानिक प्राधिकरणं’ही येतात. म्हणजे महानगरपालिका राज्य, जिल्हा परिषद राज्य, तुझ्या आजोळची ग्रामपंचायतसुद्धा राज्य! आमच्या गल्लीत नळ केव्हा येणार हे सांगणारा चावीवाला येतो ना, तो आला की मी म्हणते, या, राज्य आलं.

परीक्षेत यापुढे ‘महाराष्ट्र हे भारतीय संघराज्यातील घटकराज्य असून त्यास सार्वभौमत्व नाही’ असं लिही. मार्क कुणी कापणार नाही. आणि मनात हसून घे : नावात राष्ट्र, कागदावर राज्य, आणि आमच्या शास्त्राच्या व्याख्येत मात्र कशातच धड बसत नाही.

प्रश्न : बाई नमस्कार. माझी माढा तालुक्यात २६ एकर बागायत आहे. घरात एकूण १९ माणसं. ऊस आहे, विहीर आहे, थोरला भाऊ सगळ्यांवर हुकूम चालवतो. वैतागून विचारतो, आम्ही वेगळं राज्य जाहीर केलं तर? (एक शेतकरी)

उत्तर : थोरल्या भावाला न विचारता हे पत्र पाठवलंत, म्हणजे बंडाची सुरुवात झालीच म्हणायची.

आकाराची अडचण नाही. व्हॅटिकन सिटी ४४ हेक्टर, तुमच्या भाषेत १०९ एकराच्या आसपास. माढ्यात एवढी जमीन राखून असलेली घराणी होती एके काळी. माणसं तिथं हजारही नाहीत. भूतानची लोकसंख्या सात-साडेसात लाख, तर २०११ च्या जनगणनेत एकट्या सोलापूर शहराची साडेनऊ लाख. मॉन्टेनेग्रो २००६ साली स्वतंत्र झाला, त्याचं क्षेत्रफळ १३,८१२ चौरस किलोमीटर, आपला जिल्हा त्याहून मोठा. तरी त्यांचा झेंडा न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांसमोर फडकतो, आपला नाही.

असले प्रयोग झालेत. इंग्लंडच्या किनाऱ्याबाहेर दुसऱ्या महायुद्धातला एक बेवारस किल्ला आहे, समुद्रात खांबांवर उभा केलेला. १९६७ मध्ये एका निवृत्त मेजरनं तो ताब्यात घेऊन ‘सीलँड’ नावाचं राज्य जाहीर केलं. तिकिटं काढली, नाणी पाडली. १९७८ मध्ये जर्मनीतल्या एका न्यायालयापुढं प्रश्न आला, तेव्हा त्यांनी सांगितलं की माणसानं बांधलेला चबुतरा म्हणजे भूप्रदेश नव्हे आणि तिथं येऊन-जाऊन असणारी चार डोकी म्हणजे लोकसंख्या नव्हे. तुमच्याकडे निदान काळी जमीन आहे. पण ती काळी जमीन आधीच भारताच्या सार्वभौमत्वाखाली आहे आणि भारत ती सोडत नाही. विषय संपला.

तरी तुम्ही शेतकरी आहात म्हणून एक गोष्ट तुम्हाला इतरांपेक्षा लवकर कळेल. वहिवाट एकाची आणि सातबारा दुसऱ्याच्या नावे, हे गावोगाव दिसतं. देशांचंही तसंच चालतं. १९३३ साली मॉन्टेव्हिडिओ इथं अमेरिका खंडातल्या देशांनी करार केला, त्यात राज्याला चार गोष्टी सांगितल्या : कायमची लोकसंख्या, ठरलेला प्रदेश, शासन आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. त्याच करारात पुढं असंही आहे की राज्याचं अस्तित्व दुसऱ्यांनी मान्यता देण्यावर अवलंबून नाही. म्हणजे वहिवाट असली की पुरे. तैवान बघा. सव्वादोन कोटींहून जास्त माणसं, स्वतःचं सैन्य, निवडणुका, पासपोर्ट. वहिवाट पक्की. पण १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांतली जागा बीजिंगकडे गेली आणि आज मोजकेच देश तैवानला राज्य म्हणतात. पॅलेस्टाइनचं उलट. १४० हून जास्त देशांनी सातबाऱ्यावर नाव चढवलंय, भारतानं तर १९८८ मध्येच, पण जमिनीवरचा ताबा बराचसा दुसऱ्याकडे.

तुमच्यात आणि त्यांच्यात फरक एवढाच की तुमचा वाद तहसीलदाराकडे जातो, आणि देशांना तहसीलदार नाही.

प्रश्न : सरकार पडलं की राज्य पडतं का? (नाव नाही, पोस्टकार्ड, उत्तर सोलापूर)

उत्तर : नाही. तुमच्या खिशातल्या पाचशेच्या नोटेवर ज्या गव्हर्नरची सही आहे, तो कदाचित केव्हाच निवृत्त झाला असेल. नोट चालते ना? वचन त्याचं खाजगी नव्हतं. सोमालियात १९९१ साली सरकार कोसळलं आणि पुढं कितीतरी वर्षं साऱ्या देशावर हुकूम चालेल असं सरकारच नव्हतं. संयुक्त राष्ट्रांतून सोमालियाचं नाव कुणी काढलं नाही. आणि आपलं घरचं उदाहरण त्याहून मजेदार : भारत संयुक्त राष्ट्रांचा १९४५ पासूनचा, म्हणजे स्वातंत्र्याच्या आधीपासूनचा सभासद. १९४७ ला मालक बदलले, सभासदत्व तेच राहिलं. पाकिस्तानला मात्र नव्यानं अर्ज करावा लागला. पोस्टकार्ड पाठवल्याबद्दल आभार, अक्षर सुरेख आहे.

प्रश्न : बाई, आम्ही पद्मशाली. घरात तेलुगू, शाळेत मराठी, यंत्रमागावर हिंदी, शेजारी कानडी. कॉलेजात एक जण म्हणाला, एक भाषा एक राष्ट्र, आणि राष्ट्र म्हणजेच राज्य. मग आम्ही कोण? (एक तरुण, अशोक चौक)

उत्तर : तुम्ही सोलापूरकर. एका वाक्यात तीन भाषा आणि शेवटी ‘की बे’. त्या मुलाला हे सांगून बघ.

आता सावकाश. राष्ट्र म्हणजे आपण एक आहोत असं माणसांच्या एका समूहाला वाटणं, आणि तसं वाटण्याला इतिहास असणं. राज्य ही व्यवस्था आहे : हद्द, कायदा, तिजोरी, फौज. दोन्ही एकावर एक बरोबर बसतीलच असं नाही, बहुतेकदा बसतच नाहीत. पोलंड १७९५ मध्ये तीन शेजाऱ्यांनी वाटून घेतला आणि १९१८ पर्यंत नकाशावर त्याचं राज्य नव्हतं. पण पोलिश माणूस पोलिशच राहिला. कुर्द लोक तुर्कस्तान, इराक, इराण आणि सीरियात विखुरलेत, राष्ट्र म्हणून त्यांना स्वतःचं भान आहे, राज्य नाही. उलट स्वित्झर्लंडमध्ये जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श अशा चार राष्ट्रीय भाषा, राज्य एकच. कोरियन बोलणाऱ्यांची दोन राज्यं, तीही एकमेकांवर तोफा रोखून.

गोंधळाला आपल्या भाषेचाही हातभार आहे. ‘देश’ म्हटलं की जमीन डोळ्यांसमोर येते. म्हणून तर घाटावरच्या आपल्यासारख्यांना कोकणातले लोक ‘देशावरचे’ म्हणतात, आणि त्यात पासपोर्टचा काही संबंध नसतो. आणि संयुक्त ‘राष्ट्र’संघाचे जे १९३ सभासद आहेत ती सगळी राज्यं आहेत. नुसत्या राष्ट्राला तिथं खुर्ची मिळत नाही. कुर्दांना विचार.

तुझ्या पणजोबांच्या आधीचं कुणीतरी तेलंगणातून माग घेऊन इथं आलं असेल. तेव्हा तिकडे निजाम, इकडे पेशवे किंवा इंग्रज. माणसानं राज्य बदललं, भाषा तीच ठेवली, आणि दोन-तीन पिढ्यांत चादरीवर सोलापूरचं नाव आलं. राज्यानं तुझ्याकडून एवढंच मागायचं असतं की कायदा पाळ आणि कर भर. घरात कुठल्या भाषेत भांडायचं हे विचारण्याचा त्याला अधिकार नाही. हे माझं मत आहे. जगात असं विचारणारी राज्यं आहेत आणि त्यांची माणसं सुखी दिसत नाहीत.

प्रश्न : आपण मॉन्टेव्हिडिओ आणि युरोपातले पंडित सांगता, पण आमचा कौटिल्य कुठे गेला? त्याने सात अंगे सांगितली आहेत. (एक निवृत्त मुख्याध्यापक, पंढरपूर)

उत्तर : गुरुजी, कान पकडते. स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र ही सप्तांगं गेल्या अंकात यायला हवी होती, जागेअभावी मीच काढली. कौटिल्यानं लोक आणि जमीन वेगळी मोजली नाहीत, ‘जनपद’ या एकाच शब्दात दोन्ही घातली, आणि मला ते जास्त पटतं. ओसाड जमीन घेऊन राज्याला काय करायचंय? ‘मित्र’ हे अंग तर आजच्या मान्यतेच्या आणि परराष्ट्रसंबंधांच्या कल्पनेच्या फार जवळ जातं. मात्र अपील नसलेली अमूर्त सत्ता, म्हणजे सार्वभौमत्व, हा वेगळा विचार तिथं नाही. ते सगळं ‘स्वामी’च्या अंगावर आहे. राजा आणि राजसत्ता या दोन गोष्टी आहेत हे युरोपात बोदाँ या फ्रेंच विचारवंतानं १५७६ मध्ये मांडायला घेतलं, तेही राजाचीच बाजू भक्कम करायला. ‘दुर्ग’ हे अंग मात्र आता कालबाह्य झालंय. आपल्या भुईकोटात संध्याकाळी काय चालतं ते आपण पाहिलंच असेल, कोपऱ्याकोपऱ्यात जोडपी आणि भेळ.

प्रश्न : बाई, आईच्या देवघरात एक नाणं सापडलं. चारमिनारचं चित्र आहे, मागे उर्दूसारखी अक्षरं. आई नळदुर्गची, ८६ वर्षांची. ती म्हणते, ‘आम्ही मोगलाईतले, सोलापूर इंग्रजीत.’ म्हणजे काय? हैदराबाद खरंच वेगळं राज्य होतं का? फोटो जोडला आहे. (एक वाचक, भवानी पेठ)

उत्तर : फोटो पाहून मी चष्मा पुसला. हा हाली रुपया, म्हणजे निजामाच्या हैदराबादचं नाणं आहे. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक अक्षर दिसतंय का? तो ‘ऐन’, म्हणजे शेवटचे निजाम उस्मान अली खान यांच्या नावाचं पहिलं अक्षर. आधीच्या निजामांच्या, मेहबूब अली खानांच्या नाण्यावर तिथं ‘मीम’ असायचा.

आई म्हणतात ते अगदी बरोबर. नळदुर्ग, तुळजापूर, उस्मानाबाद हा सगळा निजामाचा मुलूख, त्याला लोक मोगलाई म्हणायचे. तिकडे हाली सिक्का, इकडे कलदार, म्हणजे इंग्रजांचा रुपया. भाव साधारण सात हालीला सहा कलदार. सोलापूरहून तुळजापूर ४५ किलोमीटर, आणि मध्ये करोडगिरीचा नाका, म्हणजे जकात. माझे वडील लहानपणी कोजागरीला आजोबांबरोबर पायी जायचे. एका वर्षी तुळजापूरच्या पाहुण्यांसाठी नवी कोरी चादर घेतली होती. नाक्यावरचा माणूस म्हणाला, नवा माल आहे, कर लागेल. आजोबांनी तिथंच घडी मोडली, चादर अंगावर घेतली, वर थोडी माती लावली आणि म्हणाले, ‘कुठं नवी? पांघरायची हाय.’ त्यानं सोडलं. पुढं पाहुण्यांनी ती चादर धुऊन घेतली म्हणे.

तर नाका होता, नाणं होतं, टपालाची तिकिटं होती, रेल्वे होती, फौज होती, दीड कोटीहून जास्त माणसं होती. तरी हैदराबाद राज्य होतं का? इंग्रजांच्या काळात तरी नाही. निजामानं १९२६ च्या सुमारास आपण बरोबरीचे आहोत असा सूर लावला, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी २७ मार्च १९२६ च्या पत्रात स्पष्ट कळवलं की हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सर्वोच्च आहे आणि कुठल्याही संस्थानिकाला तिच्याशी बरोबरीनं बोलता येणार नाही. अक्कलकोटकरांनाही हे लागू, फक्त त्यांना कुणी असं पत्र लिहिण्याची वेळ आली नाही. अक्कलकोट १९४८ च्या मार्चमध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं, विशेष गाजावाजा न होता.

हैदराबादचा तिढा १५ ऑगस्ट १९४७ नंतरचा. इंग्रजांचं अधिराज्य संपलं, मग वर कोण? निजाम म्हणाले, कुणी नाही, आम्ही स्वतंत्र. भारत म्हणाला, चारी बाजूंनी आमच्यात असताना ते कसं? २९ नोव्हेंबर १९४७ ला जैसे थे करार झाला, त्यात संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार पूर्वीसारखेच भारताकडे राहिले. आणि जो देश परराष्ट्र व्यवहार दुसऱ्याच्या हाती ठेवतो त्यानं ऑगस्ट १९४८ मध्ये सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली! सुरक्षा परिषदेनं ती ऐकायलाही घेतली, त्यामुळे प्रश्न अगदीच पोकळ नव्हता. पण लोकांचं काय? मराठवाड्यातली माणसं रझाकारांच्या भीतीनं सोलापूर-बार्शीकडे येत होती, सरहद्दीवर मुक्तिसंग्रामाचे कॅम्प उभे होते. १३ सप्टेंबरला मेजर जनरल चौधरींच्या हाताखालचं सैन्य निघालं ते सोलापुराहूनच, आणि पहिल्याच दिवशी पोचलं ते तुमच्या आईच्या नळदुर्गला. त्या तेव्हा लहान असतील, पण विचारा त्यांना. रणगाडे आठवतात का, आणि किल्ल्याजवळच्या पुलाचं काय झालं ते. १७ तारखेला सगळं आटोपलं.

ते तेरा महिने हैदराबादला काय म्हणायचं, यावर अजूनही पुस्तकं लिहिली जातात. मला वाटतं, तिथं राज्याचं सगळं सामान होतं, फक्त लोकांना ते आपलं वाटत नव्हतं आणि शेजाऱ्याला ते मान्य नव्हतं. हाली रुपया मात्र त्यानंतरही काही वर्षं बाजारात चालत होता, दुकानदार दोन गल्ले ठेवायचे.

तुमच्या फोटोत हिजरी सनाचे आकडे पुसट आहेत. उन्हात धरून पुन्हा काढा आणि पाठवा, वर्ष सांगते. आणि चिंच किंवा पितांबरी लावून नाणं घासू नका. मऊ कापडानं पुसा, आणि देवघरात होतं तिथंच परत ठेवा.